उलट फिरलेली वीज

लाईट गेली की होनाळवाडीतली माणसं दारात येऊन आधी शेजाऱ्याचं घर बघत. आपलीच गेलीय की समद्यांची, एवढी खातरजमा झाली की कंदिलाची काच पुसायला बसत. चांगुणा तसलं काही बघायची नाही. ती हातातलं काम जिथल्या तिथं टाकायची आणि अनवाणीच महालिंगप्पाच्या घराची वाट धरायची. तव्यावर भाकरी असली तरी तशीच. सासू मथुराबाई मागनं ओरडायची, "अगं, पलटून तरी जा ती!" तोवर चांगुणा मारुतीच्या पारापर्यंत पोचलेली असायची.

गावाला ह्याची सवय झाली होती. पारावरचे म्हातारे म्हणायचे, "निघाली बघ लाइनमनची बायको. आता तिकडं इंजन लागंल." काहीजण हसायचे. सुरुवातीला त्यांना कारण ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावरही हसू फारसं कमी झालं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात चांगुणा नवी नवरी होती. ती आणि तिचा नवरा श्रीपती, दोघंही सास्तूरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत. दिवसभर हातोडा, दुपारी खायला सरकारनं वाटलेली सुकडी. विहिरींचे तळ उघडे पडले होते. त्याच रस्त्याच्या कडेनं विजेचे खांब आले. ते उतरवायला, खड्ड्यात उभे करायला ठेकेदाराला माणसं हवी होती. श्रीपती अंगानं काटकुळा, पण झाडावर चढण्यात पटाईत. पहिल्याच दिवशी तो खांबावर सरसर चढला, वर दोर अडकवून खाली आला, आणि ठेकेदारानं त्याला पुन्हा खडीवर जाऊ दिलं नाही. पुढं वीज ऑफिसनं त्याला हेल्पर म्हणून घेतलं, मग लाइनमन केलं. बौद्धवाड्यातला तो पहिला पगारी माणूस. विहारात काही कार्यक्रम असला की त्याला पुढं बसवत आणि माइकची वायर त्यालाच जोडायला लावत.

चांगुणाला नवऱ्याच्या खाकी शर्टाचं मोठं कौतुक. पण खांबावर चढलेला नवरा तिनं कधी मान वर करून पाहिला नाही. भाकरी घेऊन गेली तर खांबाच्या बुडाशी बसून माती उकरायची. तो खाली उतरला, त्याच्या चपलेचा आवाज झाला, की मगच वर बघायची.

ऐंशीच्या सालानंतर विजेची ओढाताण सुरू झाली. पाऊस कमी, विहिरींना पाणी कमी, आणि उसापायी पाण्याच्या मोटारी मात्र दरसाल वाढत्या. वीज कधी जाईल, कधी येईल, ह्याचा नेम उरला नाही. त्याच सुमाराला महालिंगप्पानं जनरेटर आणला.

महालिंगप्पा म्हणजे सहकारी साखर कारखान्याचा संचालक, गावातलं लिंगायतांचं थोरलं घर. पण जनरेटर त्यानं मिरवायला आणला नव्हता. त्याची लेक इरम्मा हिला लहानपणापासून साखरेचा आजार. रोज सुई टोचून घ्यावी लागायची, आणि त्या औषधाच्या बाटल्या फ्रिजमध्ये थंड ठेवाव्या लागायच्या. एका उन्हाळ्यात दोन दिवस वीज नव्हती. औषध नासलं, आणि पोरगी बेशुद्ध पडली. तिला जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं तेव्हा आई, प्रेमाबाई, वाटभर तिच्या नाकाशी हात धरून बसली होती. पोरगी वाचली. महिनाभरात गोठ्याशेजारच्या खोलीत डिझेलचं इंजिन आणि त्याला जोडलेला जनरेटर येऊन बसला. वीज गेली की सालगडी बिराप्पानं हँडल मारायचं आणि घर चालू ठेवायचं.

बसवायला सोलापूरहून आलेल्या मेकॅनिकनं जाताना बजावलं होतं. "ह्याला चेंजओव्हर पाहिजे. एकच खटका असतो. इकडं केला की बाहेरची वीज, तिकडं केला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधी जोडल्या जात नाहीत. पुढच्या खेपेला आणून बसवतो. तोवर जनरेटर लावायच्या आधी मीटरजवळचा हा फ्यूज काढायला विसरू नका."

मेकॅनिक पुढच्या खेपेला आलाच नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी महालिंगप्पाच्या घरामागची तार ढिली झाली. श्रीपतीनं डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा खटका पाडला, तार मेली आहे हे तपासलं आणि खांबावर चढला. थोड्या वेळानं रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसलं, की तो कमरेच्या दोराला उलटा लोंबतोय. त्यांनी आरडाओरडा केला, तसा तो आपोआपच शुद्धीवर आला आणि हळूहळू उतरला. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती.

त्या दिवशी तो जेवला नाही. दिवेलागणीला चांगुणानं विचारलं, "सांगा तरी काय झालं."

"पाटाचं पाणी बघितलंस न्हवं?" श्रीपती म्हणाला. "वरच्या अंगाला पाट बांधला की खाली पाणी येत न्हाय. बरोबर?"

"व्हय."

"आन् खालच्या अंगाला कुणी दुसऱ्या हिरीचं पाणी त्याच पाटात सोडलं तर?"

"तुंबून उलटं चढंल की."

"तसंच झालं. वरनं वीज म्या बंद केली हुती. तार मेल्याली हुती. तेवढ्यात महालिंगप्पाच्या घरात इंजन लागलं. फ्यूज काढायचं ध्यानात राहिलं न्हाय. त्यांच्या घरातली वीज उलटी माझ्या तारंवर आली."

चांगुणानं त्याची काळी पडलेली बोटं हातात घेतली. मग म्हणाली, "तारंत वीज आली की दिसती का?"

"न्हाय."

"आवाज?"

"काईच न्हाय. मेलेल्या तारंत आन् जित्या तारंत डोळ्याला काय फरक न्हाय बघ."

त्या रात्रीनंतर तिला कुठलीच तार साधी दिसली नाही. कपडे वाळत घालायची तारसुद्धा ती आधी काठीनं हलवून बघायची.

दुसऱ्या दिवशी ती महालिंगप्पाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. प्रेमाबाई जोत्यावर बसून शेंगा फोडत होती. बौद्धवाड्यातल्या माणसानं अंगणापर्यंत यायचं, जोत्याची पायरी चढायची नाही, हे कुणी बोलून दाखवायची गरज त्या घरात नव्हती.

"काय गं चांगुणे? ताक पायजे?"

"ताक नको, अक्का. लाइट गेल्यावर इंजन लावायच्या आधी त्यो फ्यूज काढत जा. काल माझा मालक मरता मरता वाचला."

प्रेमाबाईचा हात थांबला. "यव्वा! खरं म्हणतीस? आमाला काय ठावं, त्यो वर चढलाय म्हणून? लाइट गेली की माझा समदा जीव ह्या पोरीच्या बाटल्यांत असतोय. बिराप्पा इसरतो. मीबी इसरते."

"मंग मला काढू द्या. लाइट गेली की म्या येते, काढते, आन् बाहीर बसते."

प्रेमाबाईनं मागं वळून घरात पाहिलं. मीटर आणि फ्यूज आतल्या बोळात, देवघराच्या भिंतीला होते.

"तू आत कशी येशील?" शेवटी ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी नसतं, हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

इरम्मा दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अव्वा, मी काढते आन् हिच्या हातात देते. फ्यूजच घराबाहेर गेला तर इसरायचा सवालच न्हाय."

"हातात नगं," प्रेमाबाई म्हणाली. "पदरात टाक."

असं ते ठरलं. वीज गेली की चांगुणा धावत यायची, अंगणात पदर पसरायची, आणि इरम्मा जोत्यावरनं चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज वरच्यावर तिच्या पदरात सोडायची. मगच बिराप्पा हँडल मारायचा. श्रीपती काम उरकून खांबावरनं उतरला, अंगणाच्या फाटकाशी येऊन "झालं गं" म्हणाला, की चांगुणा उठायची आणि फ्यूज जोत्यावर ठेवायची. कधी घटकाभर बसावं लागे, कधी अर्धा दिवस. प्रेमाबाई तिला चहा द्यायची, खुंटीला निराळ्या टांगलेल्या कपात. त्या कपाचं तिला पहिल्यांदा वाईट वाटलं. नंतर तिनं त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं. तिथं बसण्यासाठी काय काय गिळावं लागतं, त्यात कप ही लहान गोष्ट होती.

श्रीपती महालिंगप्पाला भेटला की चेंजओव्हरची आठवण करायचा. महालिंगप्पा म्हणायचा, "आणू की, श्रीपती. गाळप तेवढं संपू दे." गाळप संपलं की उसाच्या नोंदी, नोंदी संपल्या की सभा. तो खोटारडा माणूस नव्हता. त्याच्या घरातली वीज चालत होती, फ्यूज काढला जात होता, अंगणात बाई बसत होती. त्याच्या लेखी काम भागलं होतं.

श्रीपती बायकोची थट्टा करायचा. "सोलापूरचा चेंजओव्हर कशाला पायजे? माझा चेंजओव्हर घरातच हाय." चांगुणा हसायची नाही. येडशीला तिचं माहेर. धाकट्या भावाचं लग्न ठरलं, तो स्वतः न्यायला आला. रामलिंगाच्या जंगलातनं आणलेली सीताफळं पुढं ठेवून त्यानं हातापाया पडून सांगितलं. ती गेली नाही. भाऊ रागावून निघून गेला आणि वर्षभर बोलला नाही. "दोन दिसांत काय झालं असतं?" श्रीपतीनं विचारलं. "काय झालं असतं ते मला ठावं असतं तर गेलेच असते की," ती म्हणाली.

अशी काही वर्षं गेली. मग पुन्हा दुष्काळाचं साल आलं. ज्वारी कमरेला लागायच्या आतच वाळली. उसाला पाणी नव्हतं, जनावरं छावणीवर गेली. त्यातच कारखान्याची निवडणूक झाली. महालिंगप्पाच्या विरोधात त्याच्याच भावकीतला शांतलिंग उभा राहिला. शांतलिंगचं खताचं दुकान होतं, वरच्या अंगाची रानं त्याची आणि त्याच्या माणसांची होती, आणि घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, लोहाऱ्याच्या रस्त्यावर. तो पडला. पडल्याचं दुःख त्यानं गिळलं असतं, पण एका संध्याकाळी वीज गेलेली असताना पारावर कुणीतरी म्हणालं, "बघा, महालिंगप्पाचं घर लग्नघरावानी दिसतंय. पडलेल्यांनी कंदील पुसावा." शांतलिंग तिथंच पाठमोरा उभा होता.

वैशाखात चांगुणा लोहाऱ्याच्या रस्त्याकडं जळण वेचायला गेली होती. शांतलिंगच्या परसदाराला एक टेम्पो मागं मागं येत होता. ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी, जड. शांतलिंग स्वतः पुढं चालत "हळू, हळू" करत होता. तिला बघून थांबला.

"काय बघतीस गं? फवारणीचं मशीन हाय."

ती मोळी डोक्यावर घेऊन निघाली, पण मनातनं ते जाईना. रानात काडी उभी नाही, फवारणार कशावर? घरी येऊन तिनं श्रीपतीला सांगितलं. तो दिवसभर उन्हात तारा ओढून आलेला, पाय पसरून बसला होता. "खताचा दुकानदार हाय त्यो. इकायला आणलं असंल," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दुपार कलल्यावर वावटळ उठली. धुळीनं सूर्य तांबडा झाला. पत्रे उडाले, आणि लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या बाभळीची फांदी मोडून तारेवर पडली. तार तुटली आणि गावाची वीज गेली. तुटलेल्या तारेच्या पलीकडच्या अंगाला शेवटचं घर शांतलिंगचं, पुढं नुसतं रान.

श्रीपतीनं पट्टा आणि दोर काढला. नियम असा, की चढायच्या आधी तारांवर साखळी टाकून त्या जमिनीला जोडायच्या; मग वीज कुठनंही आली तरी माणसात न जाता मातीत जाते. पण साखळी ऑफिसात एकच होती, आणि ती दुसऱ्या गावाला गेली होती.

"थांबा की उद्यापर्यंत," चांगुणा म्हणाली.

"गावाला प्यायचं पाणी मोटारीवर हाय. लोक थांबतील व्हय? डीपी पाडतो, तार तपासतो, मगच चढतो. तू तुझ्या जागंवर जा."

ती तिच्या जागेवर गेली. इरम्मानं फ्यूज पदरात सोडला. इंजिन लागलं. चांगुणा कडुलिंबाखाली बसली, फ्यूज दोन्ही मुठींत धरून. धूळ खाली बसत होती आणि आभाळाचा तांबडा रंग जाता जात नव्हता. प्रेमाबाईनं चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. इंजिनाच्या धडधडीत तिला आणखी एक आवाज ऐकू आला. बारीक, किरकिरा. आधी तिला वाटलं, कानातच घुमतंय. तिनं मान वळवली. आवाज लोहाऱ्याच्या रस्त्याकडनं येत होता.

"बिराप्पा, इंजन बंद कर!"

"का गं?"

"बंद कर म्हणते न्हवं!"

बिराप्पानं प्रेमाबाईकडं बघितलं. चांगुणाचा चेहरा बघून प्रेमाबाईनंच हातानं खूण केली. इंजिन दोन-चार आचके देऊन थांबलं. आणि त्या शांततेत दुसरा आवाज अगदी उघडा पडला, टर्रर्रर्र, न थांबणारा. पाठोपाठ तिकडनं माणसांचा गलका आला. हुरूप आल्यावर करतात तसला.

चांगुणा धावत सुटली. गावातनं जाताना तिला पारावर कुणी दिसलं नाही. सगळे शांतलिंगच्या घरापुढं जमले होते. घराच्या माथ्यापासून फाटकापर्यंत रंगीत दिव्यांची माळ सोडली होती आणि ती पेटली होती. शांतलिंग नवा सदरा घालून जोत्यावर उभा होता. जनरेटर आणल्याचं त्यानं कुणालाच कळू दिलं नव्हतं. वीज जाईल त्या संध्याकाळी एकदम घर उजळायचं आणि गावाचे डोळे दिपवायचे, म्हणून. जमलेल्यांच्या तोंडावर लाल-हिरवा उजेड पडला होता आणि सगळ्यांची पाठ खांबाकडं होती.

चांगुणानं आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून खांबाकडं पाहिलं.

श्रीपती दोराला अडकून वाकला होता. हात तारेवर होता. हलत नव्हता.

ती ओरडली. मशीनच्या आवाजात आणि गलक्यात कुणाला काही ऐकू गेलं नाही. मग ती माणसांना ढकलत आत घुसली, शांतलिंगच्या घराची पायरी चढली, उंबरा ओलांडला, बैठकीतनं आत गेली. कुणी तिला अडवलं नाही. अडवायचं सुचलंच नाही. आतल्या भिंतीतल्या प्लगात परसदारातनं आलेली जाड वायर खोचलेली होती. जनरेटर विकणाऱ्यानं शांतलिंगला सांगितलं होतं, आधी मेन स्विच पाड, मग ही वायर जोड. हौसेच्या गडबडीत मेन स्विच कुणी पाडलाच नव्हता. चांगुणानं वायर दोन्ही हातांनी धरून उपटली.

माळ विझली. बाहेरचा गलका एकदम थांबला. आणि मगच लोकांनी मागं वळून पाहिलं.

श्रीपतीला खाली उतरवलं तेव्हा अंग अजून गरम होतं. चांगुणानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, नाव घेऊन हाका मारल्या. नवऱ्याचं नाव तिनं त्याआधी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. पाणी तोंडात घातलं ते तसंच गालावरनं ओघळलं.

रात्रीतनं गावानं आपली गोष्ट जुळवली. सकाळी शांतलिंगच्या परसात मशीन नव्हतं, भिंतीतल्या प्लगाला नवं झाकण बसलं होतं, आणि ज्यानं त्यानं म्हणायला सुरुवात केली, की महालिंगप्पाच्या जनरेटरनं लाइनमन मारला. त्याच्याकडंच जनरेटर आहे, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. आधी एकदा त्याच्यामुळंच श्रीपतीची बोटं जळली होती, हेही ठाऊक.

तिसऱ्या दिवशी शांतलिंगकडची माणसं बौद्धवाड्यात आली. चांगुणाशी न बोलता मथुराबाईपुढं बसली. "म्हातारे, तुज्या सुनंनं खोटं बोलावं असं आमी म्हणत न्हाय. महालिंगप्पाचं इंजन चालू हुतं का? हुतं. तेवढंच सांगावं. फुडलं कुणी इचारलं तर ध्यानात न्हाय म्हणावं. वरच्या अंगाची समदी रानं कुणाची हायेत, कामं कोण देतं, हे तुला नव्यानं सांगायला नगं."

मथुराबाईनं पदर तोंडाला लावला. लेक गेला होता, आणि सुनेला घेऊन ह्याच गावात दिवस काढायचे होते.

त्याच संध्याकाळी महालिंगप्पा आला. बौद्धवाड्याच्या तोंडाशी येऊन थांबला, मग पुढं आला, आणि चांगुणाच्या दारापुढं उभा राहिला. एवढा थोर माणूस, पण हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना.

"चांगुणा, समदं आता तुज्या बोलण्यावर हाय."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"माझ्या घरचा दोष न्हाय ह्यात. तू तर तिथंच बसली हुतीस."

"तुमच्या घरचा दोष ह्या टायमाला न्हाय, अण्णा. खरं हाय म्हणून सांगीन. तुमच्यासाठी म्हणून न्हाय."

तो मान हलवून परत गेला.

चावडीत फौजदार आणि वीज ऑफिसचे साहेब बसले. गाव भोवतीनं उभा. चांगुणानं घडलं तसं सांगितलं. फ्यूज तिच्या पदरात होता. इंजिन बंद केल्यावरही दुसरा आवाज चालूच होता. शांतलिंगच्या घरात जाऊन वायर तिनं स्वतःच्या हातानं उपटली.

"हे आणखी कुणी पाहिलं?" साहेबांनी विचारलं.

दिव्यांची माळ निम्म्या गावानं पाहिली होती. उजेड साऱ्यांच्या तोंडावर पडला होता. कुणी जमिनीकडं बघत होतं, कुणी चावडीच्या आढ्याकडं. शांतलिंग पुढंच उभा होता. शेवटी मागनं बिराप्पा म्हणाला, "आवाज म्याबी ऐकला, साहेब. आमचं इंजन म्याच बंद केलं हुतं." बाकी कुणाचं तोंड उघडलं नाही. सालगडी तो, मालकाच्या बाजूनंच बोलणार, असं म्हणून त्याचं बोलणं तिथंच राहिलं.

निर्णय झाला तो असा, की लाइनमननं साखळी न टाकता चढण्याचा निष्काळजीपणा केला. महालिंगप्पावर बालंट आलं नाही. शांतलिंगवरही नाही. साखळी एकच का होती, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या हंगामात चांगुणाला वरच्या रानांत खुरपणीला कुणी बोलावलं नाही. निरोप यायचाच नाही, किंवा यायचा तो "बाया पुऱ्या झाल्या" असा. काही महिन्यांनी वीज ऑफिसनं तिला लोहाऱ्याच्या सबस्टेशनवर पाणी भरायच्या आणि झाडलोटीच्या कामाला घेतलं. मथुराबाईला घेऊन गाव सोडायचं ठरलं.

निघायच्या आधी एका दुपारी इरम्मा बौद्धवाड्यात आली. एकटीच. दारात न थांबता आत येऊन चटईवर बसली. "आमी इंजन बंद ठिवलंय," ती म्हणाली. "डागदर म्हणाले, वल्या वाळूत मडकं पुरून त्यात बाटल्या ठिवल्या तर चालतंय. तसंच करते. मला त्यो आवाज ऐकवत न्हाय आता."

चांगुणानं तिच्याकडं पाहिलं. पोरगी वाळली होती.

"वाळू भिजवायला पाणी कुठनं आणशील ह्या सालात? इंजन लाव. तुजा जीव काय फुकटचा हाय व्हय? बापाला म्हणावं, आधी चेंजओव्हर आण."

त्या आठवड्यात महालिंगप्पा स्वतः सोलापूरला गेला आणि चेंजओव्हर घेऊन आला. बसवायला एक दुपार लागली.

लोहाऱ्याला चांगुणाला पत्र्याची एक खोली मिळाली. सबस्टेशनच्या कुंपणापलीकडं तारा दिवसरात्र गुणगुणत असत. वारा सुटला, कुठंतरी तार तुटली, की लाइनमन शिडी-दोर घेऊन निघायचे. ती त्यांना पाण्याची बाटली भरून द्यायची आणि प्रत्येकाला म्हणायची, "घरोघरी इंजनाचं इचारून चढा, बाबांनो. आन् साखळी घ्या." काही जण मान डोलवायचे. काही जण "व्हय मावशे" म्हणत सायकलवर टांग टाकायचे, आणि साखळी तिथंच भिंतीला राहायची. सगळे परत येईपर्यंत ती जेवायला बसायची नाही.

दुसऱ्या वर्षी बाजाराच्या दिवशी एका दुकानापुढं तिला गर्दी दिसली. पेट्रोलवर चालणारी लहान लहान मशीनं ओळीनं मांडली होती. लोक दोरी ओढून बघत होते. एखादं सुरू झालं, त्याला लावलेला बल्ब भर उन्हात पेटला, की हसत होते. गावोगावची माणसं होती. होनाळवाडीचीही दोघं-तिघं होती. त्यांनी तिला पाहून तोंड फिरवलं.

चांगुणा पिशवी खाली ठेवून उभी राहिली. दुकानदारानं विचारलं, "काय पायजे, मावशी?"

"ह्याच्यासंगं चेंजओव्हर देता का?"

"मागितला तर देतो की."

"मागत्यात का लोक?"

दुकानदारानं आधी गर्दीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "आजवर तर तुमीच पयल्या," तो म्हणाला, आणि दोरी ओढून त्यानं पुढचं मशीन सुरू केलं.